मापाची दोरी

सरकारने प्रत्येकाला घराची हमी देऊ नये, असं भर ग्रामसभेत म्हणणारी बाई सरपंच झालीच कशी, हे लोक मला अजून विचारतात. लोणावळ्याच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, मळवली स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी असले तरी विचारतात. त्यातल्या बहुतेकांना उत्तर नको असतं, मला चार शब्द सुनवायचे असतात. मग मीही सुनावते. माझ्या तोंडी लागू नये हे आमच्या गावाला एव्हाना कळलं आहे. बाहेरच्यांना कळायला थोडा वेळ लागतो.

तरी एकदा सगळं नीट, न चिडता सांगावं असं मनात होतं. न चिडता कितपत जमेल, ठाऊक नाही.

माझं माहेर तळेगावचं. वडील शाळामास्तर, भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागायचं. लग्न होऊन आले ती भाजे लेण्यांपलीकडच्या ह्या गावात, भातशेती करणाऱ्या घरात. इथे मी पहिला खिळा ठोकला तेव्हा कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी झाला तेवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे आमच्या ह्यांनाही माहीत आहे. तेव्हा स्वतःचं घर म्हणजे काय ते मला कळत नाही, असं कुणी म्हणू नये.

घरात मोठी माणसं तीन. हे, मी आणि माझे धाकटे दीर. भाऊजी तेव्हा लग्नाचे होते. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला, आणि तिथल्या कामगारांच्या संघटनेत पुढे पुढे. घरात चूल एकच. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा मला उभं करायची कल्पनाही भाऊजींचीच. "आमच्या वहिनी बोलायला लय खमक्या हायेत," असं सांगत ते घरोघर फिरले होते. पुढे त्यांच्याच ठरावाला मी आडवी गेले, तेव्हा ह्यांनी त्यांना जेवताना चिडवलं, "फिर अजून घरोघर."

ज्या घरावरून हे सगळं झालं ते मावशीचं. मावशी माझ्या नात्यातली नव्हे. ती सगळ्या आळीचीच मावशी. नवरा कधीच वारलेला, एकुलती लेक भुशीला दिलेली, ती धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना कणसं भाजून विकते. मावशीपाशी चार शेळ्या आणि एक चोपणं. चोपणं म्हणजे क्रिकेटच्या बॅटसारखं जाड लाकूड. नव्या घरातली माती ओली करायची आणि ह्या चोपण्याने बडवून बडवून बसवायची, म्हणजे जमीन वर्षानुवर्षं उखणत नाही. आमच्या आळीतल्या एकूण एक जुन्या घराची जमीन चोपायला मावशी पुढे होती. बायकांची रांग लावायची, गाणं म्हणत मागे मागे सरकायची, आणि जिचा हात ढिला पडेल तिच्या माहेरचा उद्धार करायची. हल्ली फरशी आली, पण आमच्या गोठ्याची जमीन तिनेच चोपली, मला शेजारी घेऊन. नंतर दोन दिवस माझ्या हातात लाटणं धरवत नव्हतं.

भाताची झोडणी आटपून गाव जरा मोकळं झालं होतं, त्या दिवसांत मावशीचं आढं मोडलं. आढं म्हणजे छपराच्या मधोमध, सगळ्यात उंचावर आडवं जाणारं लाकूड. दोन्ही बाजूंचे वासे त्याच्यावरच टेकतात. वाळवीने ते आतून खाल्लं होतं. भर दुपारी, मावशी शेळ्या घेऊन गायरानात गेलेली असताना, ते कडाड मोडलं आणि सगळं छप्पर कौलांसकट खाली बसलं. आम्ही धावत पोचलो तोवर मावशीही आली होती. तिने ढिगाऱ्यात हात घालून आधी चोपणं बाहेर काढलं, पदराने पुसलं, आणि मग कपाळाला हात लावून खाली बसली.

आम्ही तिला आमच्या पडवीत आणलं, शेळ्या आमच्या गोठ्यात बांधल्या. जेवायला मात्र ती आमच्यात बसेना. अंगणात तीन दगड मांडून तिने आपली चूल वेगळी पेटवली. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. "आमच्या हातचं कडू लागतं का, मावशी?"

ती भाकरी थापत म्हणाली, "ग्वाड लागतं गं. पर चूल इझली का मानूस पावणा व्हतो. मला माज्याच आळीत पावणी व्हायचं न्हाई."

घरकुलाच्या योजनेत तिचं नाव बसत नव्हतं. घराखालची जागा कुणा चुलत दिराच्या नावावर होती, तो मेला होता, आणि त्याचे वारस कुठल्या शहरात आहेत हे देवालाही ठाऊक नव्हतं. मी तालुक्याला दोनदा जाऊन आले. तिथले साहेब चांगले होते, चहा पाजला, पण नियमाला ते तरी काय करणार.

तेव्हा भाऊजींनी ठराव आणला. प्रत्येक माणसाला घर मिळणं हा त्याचा हक्क मानावा, सरकारने त्याची हमी घ्यावी, आणि आमच्या गावापुरतं त्यासाठी गायरान देऊन तिथे घरं बांधावीत. पहिलं घर मावशीला. कुठून तरी वर शब्दही टाकला होता. गावाने ठराव दिला तर काम होईल, असं त्यांना आश्वासन मिळालं होतं.

सभा प्रजासत्ताक दिनाची. झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकून गाव बसलं. भाऊजी उठले. कारखान्याच्या गेटवर बोलायची सवय, त्यांना माइक लागत नाही.

"कंपनीत आमाला भरपगारी रजा मिळती," ते म्हणाले, "ती मालकाची मेहेरबानी न्हाई, हक्क हाय. मागल्या लोकांनी भांडून मिळवलाय. तसंच घराचं. मावशीनं कुनाच्या पडवीत का ऱ्हावं? उद्या वहिनीचं आन् तिचं बिनसलं तर ती कुटं जानार? मदत म्हंजे उपकार. उपकारानं मान वाकती. हक्काला मान वाकवावी लागत न्हाई."

टाळ्या पडल्या. खरं सांगते, माझेही हात उचलले गेले होते. माणूस चांगलं बोलला होता, मनापासून बोलला होता, आणि आमच्या घरातला होता. मला त्याचा अभिमान वाटला. पण पटलं नव्हतं, म्हणून मी उठले.

मी म्हणाले, हक्क हा शब्द मलाही आवडतो. मत द्यायचा हक्क आहे, बोलायचा आहे. तिथे सरकारने आपल्या आडवं यायचं नाही, एवढंच त्याचं काम. घराचं तसं नाही. घर कुणाच्या तरी जमिनीवर, कुणाच्या तरी हातांनी उभं राहतं. सरकारने हमी घेतली की कुठे, केवढं आणि कसं हेही सरकारच ठरवणार. सगळ्यांना सारखं द्यायचं म्हटल्यावर त्याला दुसरा इलाज नाही. गोठा नाही, ओटा नाही, चुलीला धुराडं नाही. अशी एक वसाहत मी पाहिली आहे. लोकांनी त्या पक्क्या घरात पेंढा भरला होता आणि स्वतः बाहेर पत्रा टाकून राहत होते. दोष त्यांचा नव्हता, आणि बांधणाऱ्याचाही नव्हता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

मग मी वडिलांच्या एका मित्राचं सांगितलं. त्यांचं गाव धरणात गेलं. त्यांना घराचा आणि जमिनीचा हक्क होता, अगदी सहीशिक्क्यासह. सुट्टीच्या दिवशी ते आमच्याकडे चहाला यायचे आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून वडिलांना दाखवायचे. मी लहानाची मोठी झाले, ते म्हातारे झाले. हक्क शेवटपर्यंत शाबूत होता, घर मात्र मिळालं नाही.

मग मी दोन भावांचं सांगितलं. घरकुलं दोन मिळावीत म्हणून त्यांनी कागदावर वेगळं व्हायचं ठरवलं. आधी रेशनकार्ड वेगळं झालं, मग कुठलं पातेलं कुणाचं ते निघालं, मग आईने कुणाकडे किती दिवस जेवायचं ते निघालं. आता एकमेकांच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. हे सांगताना मी कुणाकडेही बघत नव्हते, पण सगळं गाव मान वळवून बरोबर तिकडेच बघत होतं.

"आणि गायरान," मी म्हणाले. "आपल्याकडे मोकळी जमीन उरली आहे कुठे? रस्त्याकडेची बंगल्यांना गेली, तळेगावाकडची कारखान्यांना. हमी द्यायची तर सरकारला जमीन लागणार, आणि ती त्याला तिथेच दिसणार जिथे भांडायला एक मालक नाही. मावशीला तिथे घर मिळेल. तिच्या शेळ्या काय त्या घराच्या गच्चीवर चरतील?"

लोक हसले, पण मला हसायचं नव्हतं. मनातलं खरं अजून सांगायचं होतं. "ज्या दिवशी घर देणं हे सरकारचं काम ठरेल, त्या दिवसापासून ते आपलं काम राहणार नाही. कुणाचं आढं मोडलं तर आपण बघायला जाऊ, मोबाइलवर फोटो काढू, आणि सांगू, अर्ज टाक."

"बोलनं सोपं हाय, सरपंचबाई," मागून कुणीतरी ओरडलं. "मावशीचं काय त्ये बोला!"

माझा पारा चढला. चढला की मला पुढचं-मागचं दिसत नाही. "मावशीचं घर आपण उभं करू," मी म्हणाले. "जुन्या रीतीने, दर चुलीमागे एक वासा. पुढच्या सभेपर्यंत उभं राहिलं नाही, तर ह्या ठरावावर पहिली सही माझी, आणि गायरानात पहिली कुदळही मीच मारीन."

सभा तहकूब झाली. भाऊजी जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, "गाव हाय म्हनून तुमी बोलताय, वहिनी. लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत ऱ्हाणाऱ्याला कोन वासा देनार?" ह्याला माझ्याकडे उत्तर आजही अर्धंच आहे. माझं बालपण भाड्याच्या खोलीत गेलेलं, त्यामुळे तो प्रश्न मला नीट लागला.

पण भाऊजींपेक्षा मोठी परीक्षा घरी अंगणात बसली होती. मावशी सभेला आली नव्हती, बातमी मात्र माझ्या आधी पोचली होती.

"मला न इचारता माजं घर पनाला लावलं तुमी?" ती म्हणाली. ती मला नेहमी अगं-तुगं करते. त्या दिवशी तुमी म्हणाली, आणि मी उभ्या जागी गार झाले. "तुमी दीर-वहिनी भांडता, आन् छप्पर माजं. त्यो म्हनतो गायरानात चल, तुमी म्हनता वासे येतील. मी काय शेळी हाय, कुनी बी दाव्याला धरून न्यायला?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

ती चुलीत फुंकत बसली. जाळ धरला तशी म्हणाली, "वासे मागायला जाल का घरोघर?"

"जाईन," मी म्हणाले.

"जायाचं न्हाई. दोरी मी बांदते. येनारा यील."

ही रीत मी ऐकून होते, पाहिली कधी नव्हती. घरवाल्याने नव्या वाशाची लांबी दोरीत घ्यायची आणि ती दोरी मोडक्या घराच्या चौकटीला बांधायची. ज्याला वासा द्यायचा त्याने यायचं, दोरी सोडायची, आपल्या सुतळीवर माप घ्यायचं आणि दोरी परत बांधून जायचं. बोलवायला कुणी जात नाही. आढं घरवाल्याचं, वासे आळीतल्या चुलींचे, कौलं आणि माती बाकीच्या गावाची. मावशीने मागच्या दाराची जांभळी आढ्यासाठी तोडायला सांगितली. नवऱ्याने लावलेलं झाड होतं, पण ती त्याच्यावर एक शब्द बोलली नाही.

दोरी लागली, आणि मी वाट बघू लागले. पंचायतीत जायचं निमित्त करून रोज त्या चौकटीवरून जायचे. दोरी आपली जागच्या जागी लटकलेली. वाटेत कुणी भेटलं तर शेतीचं बोलायचं, लाइटीचं बोलायचं, शनिवारी आलेल्या गाड्यांनी बांध कसा फोडला ते बोलायचं. दोरीचं अक्षर कुणी काढायचं नाही. मीही नाही. वासे आले नाहीत तर मी हरेन, ते सोसलं असतं. पण एका म्हातारीचं पक्कं होत आलेलं घर माझ्या तोंडाच्या पट्ट्याने घालवलं, असं झालं असतं, आणि ते मला कधीच सोसलं नसतं. एकदा तर मी ह्यांना म्हणाले, "ठरावावर आत्ताच सही करून टाकते." हे म्हणाले, "दोरी नीट बघितलीस का?"

दुसऱ्या दिवशी नीट बघितली. गाठ मावशीची नव्हती. मावशी दोरीला साधी निरगाठ मारते. ही गवताचा भारा आवळतात तशी पिळाची होती. त्याच्या पुढच्या दिवशी ती सुरगाठ झाली होती. पुढे एकदा बुटाच्या लेससारखी फुलाची गाठ दिसली, आणि मी रस्त्यात एकटीच हसले.

मीही आमच्या घरचं माप घ्यायला गेले. मी मास्तरांची मुलगी. दोरीला सुतळी लावली, दोन्ही टोकं ताणून जुळवली, जिथल्या तिथे कापली. ह्यांनी बांधावरची निलगिरी त्या मापाने अगदी बरोबर तोडून दिली.

त्याच सुमारास मी मावशीला विचारलं, "भाऊजी म्हणतात मदत म्हणजे उपकार. तुम्हाला तसं वाटतं का?"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुधाला पाणी म्हणाले होते. "कसला उपकार? आळीतल्या कुटल्या बी जुन्या घरात जावा आन् पाय टेका. त्या जिमिनीत माजे हात हायेत. मी काय फुकट घेत न्हाई कुनाचं."

सभेत मी इतकं बोलले, पण हे मला सुचलं नव्हतं.

छप्पर चढवायचा दिवस उजाडला. जांभळीचं आढं भल्या सकाळी चढलं, आणि मग वासे येऊ लागले. खांद्यावरून, डोक्यावरून, एक तर चक्क टेम्पोच्या टपावरून. निलगिरी, सुबाभूळ, बांबू, कुणाच्या जुन्या घराचा काळा पडलेला साग. ज्या घरात सगळेच कारखान्यात जातात, त्यांच्याकडे लाकूड कुठलं. ते लोखंडी पाइप घेऊन आले आणि जरा लाजत उभे राहिले. मावशी म्हणाली, "द्या हिकडं. ह्याला वाळवी तरी लागनार न्हाई." बंगला राखणारं जोडपं आलं. ती दोघं बाहेरगावची, आळीत चूल मांडून जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांनी भारीतला, तासलेला वासा आणला होता. त्यांना ह्या रीतीचं कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. आणि तोंड फिरवणारे ते दोघे भाऊही आले, दोन दिशांनी, दोन वासे घेऊन. चुली दोन, म्हणजे वासे दोन. एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकाने वर चढून दुसऱ्याचा वासा ओढून घेतला.

मी पदर खोचून उभी होते आणि माझे डोळे सारखे भरत होते. हे माझं गाव, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. सांगितलंही, कुणाला ऐकू गेलं नाही, इतका गलका होता.

मग गंमत झाली. वासे ओळीने लागले तसं लक्षात आलं की सगळे मापापेक्षा लांब आहेत. आखूड आणला असं कुणी म्हणायला नको, म्हणून जो तो दोरीपेक्षा वीतभर जास्त तोडून आला होता. कुणी वीतभर, कुणी हातभर. छपराची कड दात पडलेल्या फणीसारखी खाली-वर दिसत होती. आणि त्यात एकच वासा दोरीच्या मापाचा, अगदी बरोबर. त्यामुळे तो एकटाच आखूड दिसत होता. आमचा.

"सरपंचाचा आखूड!" वरून कुणीतरी ओरडलं. सगळी आळी खो खो हसली. माझा चेहरा लाल झाला. माप बरोबर आहे असं मी दोनदा सांगितलं, त्याने लोक जास्तच हसले.

तेवढ्यात भाऊजी आले. पहिली शिफ्ट करून थेट, अंगात कंपनीचा युनिफॉर्म, आणि खांद्यावर वासा. ते दिसले आणि माझं हसू, लाज, सगळं जागच्या जागी थिजलं. दर चुलीमागे एक वासा. आमच्या चुलीचा तर वर लागला होता. दुसरा आणला म्हणजे भाऊजींनी चार माणसांत सांगितलं की मी वेगळा झालो. एका ठरावापायी आमचं घर मोडलं, असं मला वाटलं. आजूबाजूचे लोकही हसायचे थांबले, कारण त्यांनाही तेच वाटलं होतं.

भाऊजींनी वासा खाली ठेवला. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "वेगळा न्हाई झालो, वहिनी. तुमी दोरीला सुतळी ताणून मापत हुतात, तवा मी रस्त्यानं चाललोतो. तवाच समाजलं, आपल्या घराचं नाक कापलं जानार. त्यो आखूड काडा खाली, ह्यो घाला."

"पण तुम्ही तर ठराव..."

"ठराव ठरावाच्या जागी. वासा वाशाच्या जागी."

आमचा वासा उतरला, त्यांचा चढला. तो सगळ्या छपरात लांब होता, चांगला दीड हात बाहेर. माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींचा मला इतका अभिमान वाटला की पुढे सभेत त्यांच्याशी भांडताना मला तो मुद्दाम बाजूला ठेवावा लागतो.

कौलं चढायच्या आधी कुणीतरी करवत आणली, कड एका रेषेत कापायला. मावशीने ती हातातून काढून घेतली. "कापू नका. कोन किती जास्ती आनून गेलं, त्ये दिसू दे." म्हणून तिच्या छपराची कड आजही तशीच खाली-वर आहे. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे मुद्दाम केलेली डिझाइन समजून तिचे फोटो काढतात.

जमीन मावशीने फरशीची करू दिली नाही. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, मावशीने गाणं धरलं आणि चोपणं उचललं. माझा हात ढिला पडला तेव्हा तिने माझ्या माहेराचा, सबंध तळेगावाचा उद्धार केला. ती पुन्हा मला अगं-तुगं करत होती. संध्याकाळी तिने अंगणातल्या तीन दगडांमधला विस्तव खापरात घातला आणि आपल्या घरात नेला. आमच्याकडे होती तोवर तिने तो विझू दिला नव्हता.

पुढच्या सभेत ठरावातून गायरान गेलं. बाकीचा ठराव भाऊजींनी पुन्हा मांडला. मी पुन्हा विरोध केला. तेव्हापासून दर सभेला हे असंच चालू आहे; तो काही मंजूर होत नाही आणि भाऊजी काही थकत नाहीत. ज्याला गाव नाही त्याचं काय, हे ते मला दर वेळी विचारतात. मी म्हणते, जागेचे कागद सरळ करा, भाडेकरूला खिळा ठोकू द्या, गरिबाला बांधायला मदत करा; पण घर द्यायची हमी कुणा एकाकडे सोपवू नका, नाहीतर सगळ्यांचे हात रिकामे होतील. ते म्हणतात, हे अर्धं उत्तर आहे. मी म्हणते, तुमचंही अर्धंच आहे. मग आम्ही घरी येऊन एका पंगतीत जेवतो.

यंदा भाऊजींचं लग्न ठरलं. येणाऱ्या मुलीला स्वतःची चूल हवी, आणि ती हवीच. घरामागे एकपाखी, एकाच उताराच्या छपराची खोली काढायचं ठरलं, अगदी लहानशी. भिंती झाल्या. भाऊजींनी वाशाचं माप घेतलं आणि दोरी चौकटीला बांधली. मग दारातच उभे राहिले, काही काम नसताना. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. कुणी येईल की नाही ह्या भीतीने मीही तशीच त्या चौकटीवरून जायचे. हक्काबद्दल गेटवर गरजणारा माणूस, पण त्या दिवशी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होता.

सगळ्यात आधी आली ती मावशी. दोरी सोडून माप घ्यायला नव्हे. ती वासा घेऊनच आली, डोक्यावर चुंबळ, एक हात वर धरलेला, दुसऱ्या हातात चोपणं. वासा तिने दारात टेकवला. त्याला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल पाजलं होतं, तरी मी तो लगेच ओळखला. निलगिरीचा, दोन्ही टोकं जिथल्या तिथे कापलेला. माझा आखूड वासा. इतके दिवस तिने तो वळचणीला जपून ठेवला होता.

"माज्या चुलीचा," मावशी भाऊजींना म्हणाली. "दोरी लाव."

भाऊजींनी दोरी सोडली आणि खाली बसून वाशाला लावली. दुसरं टोक मी धरलं. खोली लहान, दोरीही लहान. वासा वीतभर जास्त भरला.

"बघ," मावशी म्हणाली. "आखूड न्हाई."